कापडाहून किंचित दुबळा

ऑकलंडहून मी बारा कोन आणले होते,
पॉलिएस्टरचे, आमच्या कारखान्यातले,
ज्यांनी आम्ही गोदीवरच्या माणसांचे डगले शिवतो.
विमानतळावर वजन भरलं, तेव्हा साबण काढले, चपला काढल्या,
दोरा नाही काढला.

आणि इथे आइतुताकीत, चर्चमागच्या पडवीत
सहा बायका पाय पसरून बसलेल्या
एका तिवाइवाइभोवती.
खाटेहून मोठं पांढरं कापड, त्यावर नीरफणसाची लाल पानं
नुसती टाचलेली,
वारा आला की कडा उचलून बघणारी.

"हा तुटत नाही," मी म्हटलं.
तेकुराआत्यानं टोक दातात धरलं, ओढलं.
बोटावर पांढरी रेघ उठली, मग लाल झाली.
"खरंच की," ती म्हणाली,
आणि बोट चोखत आत गेली.

परतली ती डांबरगोळ्यांच्या वासाची एक घडी घेऊन.
ज्या वर्षी वादळानं धक्का नेला
आणि बोट तीन महिने फिरकली नाही, त्या वर्षीची.
दोरा संपला होता,
म्हणून काकांच्या पेटीतला गळाचा नायलॉन घेतलेला.

उलगडली.
टाके जागच्या जागी, अजून चकाकणारे,
आणि पानांच्या कडेकडेनं कापड चिरलेलं,
सुरी फिरवावी तसं.
एक पान माझ्या हातातच आलं.
टाके त्याला धरूनच होते.

"गेला बाजार मासे तरी मिळाले असते," नगापोको म्हणाली.
सगळ्या हसल्या. आत्या नाही.
"ताण येणारच. झोपेत कुणी पाय झाडतं,
पोरं उड्या मारतात.
तेव्हा दोऱ्यानं तुटावं, कापडानं नाही.
टाका काय, दुपारी बसून परत घालता येतो."

मग बिस्किटांचा डबा उपडा केला.
रिळं घरंगळली, एक थेट कोंबडीपर्यंत.
सगळी सुती. तिनं एकेक ओढून पाहिलं:
हे खाऱ्या हवेनं कुजलंय, उसासा टाकला तरी तुटेल;
हे फार पिळाचं, गाठी करील;
हे भावजयीनं दिलेलं, राहू दे तसंच.
उरली दोन. दोन्ही लाल.
ती उठून दाराशी गेली, उजेडात,
एकेक पदर सोडवून पानावर आडवा ठेवला.
"रिळावरचा रंग खरा धरू नये.
घोळक्यात सगळेच गडद.
एकटा निघाला की दोरा फिका पडतो."
तिनं गडद घेतलं.

बोटापासून कोपरापर्यंत, परत तेवढाच. कातर.
"आणि तुझा नवरा कसा आहे?"
डोळे नेढ्यावर.
"भक्कम," मी म्हटलं.
तिनं दोरा ओवला, गाठ मारली,
पुढं काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मी विचारलं, ही कुणासाठी?
लग्न तर कुणाचं दिसत नाही.
"माझ्याबरोबर जाईल," ती म्हणाली, भात लावायचाय म्हणावं तशी.
"खाली. सुताला कळतं कधी सोडायचं ते.
तुझा तो दोरा बसेल तिथे, एकटाच,
पानांचा आकार धरून,
आणि पानं नाहीत."

माझ्या बारा कोनांपैकी
तीन होड्यांच्या ताडपत्र्यांना लागले,
एक बकरीला,
बाकीचे पाळकांच्या बायकोनं नेले, काहीतरी मनात ठेवून.

त्या संध्याकाळी मला एक पान दिलं, कोपऱ्यातलं,
चुकलं तर उशीखाली जाईल असं.
देठाशी पोचले आणि माझा दोरा तुटला.
मी दचकले, जणू काही फोडलं हातून.
कुणी मान वर केली नाही.
नगापोकोनं बोलता बोलता
डबा पायानं माझ्याकडे सरकवला.