आधी पंख मोज

तुळशीचं लग्न लागेस्तोवर आमचा धंदा बंद.
छत्र्या, दिवे, ड्रोन, सगळं पेटीत.
इतवारीतलं दुकान पुतण्यावर टाकून
मी स्कूटरनं मोहप्याच्या रस्त्याला लागतो.
कॅमेऱ्यावर जुनी लेन्स उलटी बसवलेली,
वहीच्या पहिल्या पानावर डोंगरवारबाईंच्या अक्षरात
एकच ओळ: आधी पंख मोज.

दोन असले तर माशी.
चार असले तर कोणीही असो, माशी नाही.
म्हणजे मधमाशी ही माशी नाही.
गांधीलमाशी तर नाहीच नाही.
बावन्न वर्षं ही भाषा बोलतो,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

संत्र्याच्या बागेला लागून धुरा,
धुऱ्यावर फुलावर आलेला सांभार.
पोटावर पडलो. कोपराखाली गोखरू.
राखणदार भिवसन आला, बराच वेळ उभा राहिला.
"मंगाच्यानं पाहून राह्यलो. म्हटलं मानूस पडला का काय.
काय काढता जी?"
"माशी."
"घरी नाही का तुमच्या?"

ती फुलापासून बोटभर वर
हवेत खिळा ठोकल्यासारखी.
मराठीत तिला नाव सापडलं नाही, मी थबकमाशी म्हणतो.
नवरदेवाला म्हणता येतं, जरा इकडे, हनुवटी वर.
हीसुद्धा थांबते,
पण माझ्या सांगण्यावरून नाही.
श्वास सोडला की गेली.
पुन्हा तिथेच.
एकेचाळीस फोटो: सव्वीसात नुसतं आभाळ,
एकात भिवसनचा अंगठा,
एक बरा.

रात्री तो बाईंच्या टेबलावर मोठा करून पाहिला.
बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
दुसऱ्यांनी ओळखलेल्या किड्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या.
आता चष्मा कपाळावर सारून सांगतात:
डोळे माथ्यावर भिडलेत ना? नर.
मधे फट असती तर मादी.
पट्टे मधमाशीचे, पण डंख नाही,
नुसता गणवेश.
आणि ही बघ, पंखातली ही शीर,
कुठून निघत नाही, कुठे पोचत नाही,
मधेच उमटते, मधेच विरते.
खोटी शीर म्हणतात.
अख्खं कुळ हिच्यावरून ओळखायचं.

मी मान डोलावली आणि दुसरा फोटो काढला.
भिवसनच्या डब्याच्या झाकणावरची,
राखाडी, बारीक, पाठीवर केस.
बाई खूप वेळ बोलल्या नाहीत.
मग: कुळ सांगते. पुढचं नाही सांगता येत.
पुढचं पाहिजे तर पोटाचं टोक सुईनं उकलावं लागतं, भिंगाखाली.
मारलीस का?
नाही.
बरं केलंस. लिही, अज्ञात.

अज्ञात लिहिताना हात थोडा अडला.
चोवीस वर्षं मी माशा पुसतोय.
काका, श्रीखंडावरची तेवढी काढा.
काका, फेट्यावर काहीतरी काळं दिसतंय.
माउसच्या दोन टिचक्या, शेजारचा रंग वर ओढला की झालं.
किती पुसल्या त्याचा हिशेब नाही.
बिलात तो रकाना नव्हता.

घरी येऊन जुनी डिस्क काढली.
कामठीचं लग्न, मे महिना, हॉलमधले कूलर बंद पडले होते ते.
अल्बममधलं नव्हे, त्याआधीचं, न पुसलेलं चित्र.
नवरीच्या खांद्यावरून खाली येणारी झेंडूची माळ,
तिसऱ्या फुलावर ठिपका.
मोठा केला. आणखी मोठा.
चौकोन चौकोन व्हायच्या आत
एवढं दिसलं:
पंख दोन. डोळ्यांच्या मधे फट.

वहीत नोंद केली.
कामठी. झेंडूवर. मादी. दुपार असावी.
मग नवरीचं नाव लिहायला गेलो,
तर ते काही केल्या आठवेना.