परतीचा आकडा

जाताना ब्याऐंशी, येताना अठ्ठ्याहत्तर.
बावीस वर्षं रोज पहाटे चारला
हे दोन आकडे मी वहीत लिहिले.
सातपूरच्या आमच्या कामगार वसाहतीत अकरा इमारती,
कारखान्याच्या बॉयलरमागून निघालेला एकच पाइप,
आणि मधल्या चार अंशांत सगळ्यांच्या आंघोळी.

निफाडचा पारा पेपरात छापून येण्याआधी
कुत्र्यांना थंडी कळायची.
टपालपेटीपासून पाच नंबरपर्यंत ओळीनं झोपायची,
तिथून काटकोनात वळून थेट अकरापर्यंत.
पाइप कुठून गेलाय ते नकाशात नव्हतं,
कुत्र्यांना पाठ होतं.
त्या पट्ट्यावर दव धरत नसे.
आम्ही म्हणायचो, मुक्या जिवांची सोय झाली.
फर्नेस ऑइलचं बिल वेगळ्या टेबलावर जायचं.

मग रेवती गांगुर्डे आली. नवी इंजिनिअर,
खांद्याला पेटी, पेनाएवढा थर्मामीटर.
म्हणाली, "बोडकेकाका, हे पाणी
कुणाच्या घरात न जाताच परत येतंय.
एवढं तापवायचं कुणासाठी?"

अकरा नंबर, तिसरा मजला. खैरनारबाई.
सत्तरवर आणलं की त्यांचा फोन:
"भाऊ, आज परत कोमट."
त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून
मी आच वाढवली, जोर वाढवला,
वाटेतल्या आडझडपा सताड उघड्या ठेवल्या.
एका मोरीसाठी अख्खी वसाहत उकळत होती.

गेलो. बाईंनी बादल्या बाजूला केल्या.
रेवती स्टुलावर चढली, टॉर्च तोंडात धरून.
झडपेवर बाण असतो, पाणी कुणीकडे जावं त्याचा.
हा उलटा होता.
फटीतून झिरपेल तेवढंच
बाईंच्या वाट्याला आलेलं.
आणि तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला,
खिळ्यानं कोरलेला:
ग. सा. बोडके, २-८-०३.

रेवतीनं वाचलं. काही बोलली नाही.
पाना मागितला.
बाई म्हणाल्या, चहा टाकू का?

त्यानंतर दर सोमवारी दोन अंश खाली.
शहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर.
आडझडपा एकेक करून बंद.
मी फोनपाशी बसून राहायचो. वाजायचा नाही.
बासष्टला वाजला एकदाच. सात नंबरचे पगार:
"टाकी धुतली का हो? पाणी बरं येतंय."
रेवती म्हणाली, साठवर थांबा,
परतीचं पन्नासच्या खाली गेलं
तर पाण्यात नको ते जीव धरतं.
थांबलो.

आता जाताना साठ, येताना एक्कावन्न.
नऊ अंश कुणाकुणाच्या अंगावरून गेले.

डिसेंबरात एका पहाटे बाहेर आलो
तर पट्ट्यावर दव.
टपालपेटीपासून अकरापर्यंत, सगळीकडे सारखं.
कुत्री बॉयलरच्या दाराशी उभी,
माझ्याकडे बघत.
मी चार गोणपाटं टाकली.
एक आलं. बाकीची अजून
जुन्या जागा हुंगून बघतात.