आठ मिलिमीटर

सांगाडा मिळाला गेर्लानच्या चढावरच्या एका शेडमधून,
तीस पौंडांना, वर अर्धा डझन अंडी.
स्टीलचा. रंग हिरवा म्हणायचा,
पण खरवडला की निळा, त्याखाली पिवळा,
आणि क्रँकच्या घराखाली
खिळ्यानं कोरलेला कुणाचा तरी एक एच.

मी बस डेपोत ब्रेक बघते. बावीस वर्षं.
चाळीस माणसं उतारावरून सुखरूप खाली येतात
ते माझ्या हातांना कळतं, त्यांना कळत नाही.
तशी तक्रार नाही.
पण एक उतार स्वतःसाठी हवा होता.

सीटची नळी आत धरून बसली होती:
ॲल्युमिनियम आणि स्टील, वर्षानुवर्षं एका घरात,
न बोलता एकमेकांत मुरलेले.
तेल पाजलं. उकळतं पाणी ओतलं.
शिव्या दिल्या, आधी वेल्शमध्ये,
मग सगळ्यांना कळतील अशा.
शेवटी नळी व्हाइसमध्ये आवळली
आणि तिच्याभोवती अख्खा सांगाडा फिरवला,
घाण्याला जुंपल्यासारखी मी, गोल गोल.
पाचव्या फेरीला किंकाळी आली.
शेजारच्या मेव्हिननं खिडकी उघडून विचारलं,
डुक्कर कापतेस का?

मागचं चाक लिव्हरपूलला शिकायला गेलेल्या पोराचं,
पुढचं त्याच्या बापाचं. दोन्ही सव्वीस इंची,
जगानं मोडीत काढलेलं माप.
बाजार एकोणतीसवर गेला,
म्हणून तर मला परवडलं.

क्रँकच्या घरात उजव्या अंगाचे आटे उलटे असतात.
हे माहीत होतं, आणि तरी
पहिला जोर चुकीच्याच बाजूला लागला.
डोक्याला माहीत असलेलं
मनगटापर्यंत पोचायला वेळ घेतं.

फोर्क आला डाकेनं, कॉर्वेनहून, टुडुर नावाच्या कुणाकडून.
एकशेवीस मिलिमीटर दबणारा, सील नवे,
फक्त वरची नळी आखूड कापलेली.
आठ मिलिमीटर कमी.
स्टेमच्या वरच्या बोल्टच्या वाट्याला नुसती हवा.
आठ मिलिमीटर म्हणजे किती?
माझ्या करंगळीचं नख.
ठेवून पाहिलं: नेमकं.

टुडुरला फोन केला. तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापली, हॅकसॉनं.
मोजलं होतं ना?
मोजलं, म्हणाला. कापल्यावर.
पैसे परत करतो म्हणाला.
पैसे राहू देत, तुझ्याकडे बुटकं हेडसेट आहे का?
आठवड्यानं मुरंब्याच्या बरणीत एक आलं,
ग्रीसमध्ये बुडवलेलं,
झाकणावर चिठ्ठी: माफ कर.
अजून त्या बरणीला संत्र्याचा वास येतो.

ब्रेकची केबल कापायची वेळ आली
तेव्हा पक्कड हातात घेऊन नुसतीच उभी राहिले.
मग चार बोटं जास्त सोडली.
हँडलसमोर बेढब लोंबते. लोंबू दे.
माझ्यानंतर कुणाचे हात लांब असतील,
सांगता येत नाही.

रविवारी खाणीमागच्या ढिगाऱ्यांवर नेली.
पाटीचा दगड टायरखाली
शाळा सुटताना दप्तरं वाजावीत तसा वाजतो.
मागं स्प्रिंग नाही. मागचं चाक जे बोलतं
ते थेट माकडहाडाशी.
पॅडलवर उठायचं, गुडघे सैल, कोपरं बाहेर,
आणि नजर पुढच्या वळणावर;
दगडाकडे बघितलं की चाक तिथंच जातं.
दुसऱ्या वळणावर चेन उतरली.
तिसऱ्यावर मी.
कोपर सोललं. सांगाड्याचा हिरवाही सोलला,
मधला निळा सोडून थेट पिवळा दिसला.

आता जेवताना एक आवाज आठवतोय.
चढावर, फक्त उभं राहून मारली की,
टक्.
क्रँक असेल. किंवा सीटची नळी.
किंवा चाकांपैकी एक, बाप नाहीतर पोरगा.
उद्या दुपारची पाळी आहे.
सकाळी उघडते.