सुतळी जेवत नाही

आज एकेचाळिसावा दिवस.
वहीत दुधाच्या हिशेबाखाली
पुन्हा लिहिलं : सुतळी – नाही.

भाचा जहाजावर गेला सहा महिन्यांसाठी,
जाताना काचेची पेटी ठेवून गेला.
“मावशी, आफ्रिकेतली जात, विषारी नाही,
कागदपत्रं रीतसर आहेत.
दहा दिवसांतून एक उंदीर. बस्स.”
बस्स म्हणणारे नेहमी जहाजावर असतात.

मी सत्तावीस वर्षं डबे भरले या कन्नमवार नगरात.
मधुमेहवाल्यांना बिनबटाट्याचे,
बाळंतिणींना अळिवाचे,
बँकेतल्या गोठोसकरला रोज एक मिरची जास्त.
भरलेला डबा परत आला
की माझी रात्र जायची.

आणि ही.
मनगटाएवढी जाड, जायफळाच्या रंगाची,
पेटीचं झाकण सरकलं तरी
डोकं मधोमध लपवून स्वतःचा चेंडू करणारी.
मी मेलेला उंदीर धरून उभी,
आणि ती मलाच घाबरते.

उंदीर फ्रीजरमध्ये, खवलेल्या खोबऱ्याच्या मागे,
तीन पिशव्यांत, वर लिहिलंय ‘औषध’,
भांड्यांना येणाऱ्या सुगंधाने किंचाळू नये म्हणून.
पिशवीसकट कोमट पाण्यात पाऊण तास,
मग केस वाळवायच्या यंत्राने डोकं ऊन करायचं,
बाळाच्या टाळूवर घालायच्या तेलाइतकं.
पापडाचा चिमटा आता तिचाच झाला.
पापड मी हाताने भाजते, बोटं भाजतात.

डिमेलोबाई म्हणाल्या, घास हलवून दाखव, जिवंत वाटला पाहिजे.
हलवला. चेंडू आणखी घट्ट झाला.
पंचमीला तळमजल्याच्या दोघी
हळदकुंकू आणि वाटीभर दूध घेऊन दारात.
म्हटलं, अहो ही आपल्यातली नव्हे,
हिला सण ठाऊक नाही.
दुधाचा मी चहा केला. तिघींनी घेतला.

परळचे डॉक्टर फोनवर म्हणाले, वजन करा.
पिठाच्या काट्यावर भरली अकराशे चाळीस.
“उतरलेली नाही. आजारी नाही ती, बिथरलीय.”
कशाने बिथरेल?
घरात तर मी एकटीच आहे.
हे जरा लागलं मला.

मग एका दुपारी पाठ धरली म्हणून
फरशीवर पाय पसरून आडवी झाले,
आणि पाठीच्या मणक्यांत घर्रघर्र चढली.
शेजारची इमारत पाडून तिथे खांब रोवतायत,
ते नेहमीचंच, कानांना सवय झालेली.
पण फरशी गुणगुणत होती, मांडणीतली झाकणं कुजबुजत होती.
हिला तर कानाची भोकंही नाहीत.
ही पोटाने ऐकते,
आणि सहा आठवडे मी तिला
ढोलावर निजवलंय.

माळ्यावरून डब्यांच्या पिशव्या काढल्या, जाड फोमच्या,
तेवीस निघाल्या, काहींवर अजून नावं :
गोठोसकर, २०४ मिस्त्री, ‘तेल कमी’.
त्यांची गादी केली, आतल्या खोलीत, कोपऱ्यात,
वर पेटी, पेटीवर जुना परकर.
आठ दिवस हात लावला नाही.
पाणी बदललं तेही चोरासारखं.

नवव्या रात्री, यंत्रं थांबल्यावर, दिवा न लावता
उंदीर धरला.
बराच वेळ काही नाही. दंड भरून आला.
मग वेटोळ्यातून नाकाचं टोक,
मग जीभ,
आत, बाहेर, आत.
आणि पुन्हा थांबली.

मला आठवलं, नवी सून समोर बघत बसलात
तर जेवत नाही.
उंदीर तिच्या दाराशी ठेवला
आणि मोरीत जाऊन उगाच
घासलेलं पातेलं घासत बसले.

टप्.
एवढंच.
ओल्या हातांनी आले तेव्हा
जबडा एकेक बाजूने पुढे सरकत होता, न घाई, न लाज.
शेवटी शेपटीचं टोक बाहेर,
शेवयांची एक काडी ओठावर राहावी तसं.

भाच्याला लिहिलं : जेवली.
एकच खूण उमटली, जहाज कुठेतरी रेंजच्या पलीकडे.
खालच्या फलकावर आमच्याही इमारतीची नोटीस आहे,
डिसेंबरपर्यंत खाली करायची.
ते तिला सांगायचं नाही.
पोट भरलेलीला तीन दिवस हलवू नये म्हणतात.