वांग

खोक्यातला तो कागद मी एकदाच उलगडला,
सप्टेंबरात, ओट्याशी उभी राहून.
आधी पंचांगाएवढा झाला, मग पंचाएवढा.
परत त्याच घड्यांवर मिटेना,
म्हणून पोळ्यांच्या डब्याखाली अंथरला.
मुंगीच्या पायाचं अक्षर.
मळमळ: अनेकींना. उदास वाटणं: काहींना.
रक्ताची गाठ: क्वचित, फारच क्वचित.
मी कुठल्या ओळीत, ते लिहिलेलं नव्हतं.

पाकिटावर वार छापलेले, मधे बाण,
सोमवारनंतर मंगळवारच येतो
हे कुणी विसरू नये म्हणून.
आईचे वार निराळे: सोमवारी भगर,
गुरुवारी पिवळं, शनिवारी मारुतीला तेल.
माझे सगळे वार एकाच रंगाचे, मसुराएवढे,
रात्री दहाला, दात घासून झाल्यावर.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते.
पहिलं स्पष्ट, की दुसरं?
डंडीच्या म्हाताऱ्या खोटं बोलत नाहीत.
"दोन्ही सारखीच गं, कोंबडे."
कोंबडी हा इथं लाडाचा शब्द आहे.

जानेवारीत कुणाचा तरी पडलेला हातमोजा
कुणीतरी उचलून कुंपणाच्या गजावर खोचला होता,
पाच बोटं वर.
तेवढ्यावरून मी बसस्टॉपवर हमसून रडले.
उन्मेष म्हणाला, अंधारानं होतं असं.
चारला दिवे लागतात इथं, खरंच आहे.
कशानं काय झालं
हे दाखवणारं भिंग आमच्या दुकानात नाही.

मार्चमध्ये डाव्या गालाच्या हाडावर
चहा सांडून वाळावा तसा डाग.
व्हिडिओवर आई इतकी जवळ आली
की बार्शीहून नुसतं कपाळ दिसायला लागलं.
"जरा उजेडात ये बघू."
खिडकीशी गेले.
"वांग आहे ते. तुझ्या वेळी मला आलं होतं,
अगदी तिथंच."
आणि आवाज खाली आणून,
बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून:
"कितवा?"

काय सांगू.
की रोज रात्री दहाला मी माझ्या पोटाला सांगते,
तू भरलेलं आहेस.
आणि ते साधंभोळं, विश्वास ठेवतं.
मळमळून दाखवतं, छाती जड करतं,
गालावर शाई ओततं.
सुटीच्या आठवड्यात जे येतं
ती पाळीसुद्धा खरी नव्हे म्हणे,
नुसती गोळ्यांची रजा.
मूल नको म्हणून, आई,
मी सहा महिने गरोदर असल्याचं नाटक करतेय
आणि तू पहिल्या रांगेत बसून
टाळी वाजवलीस.

"कितवाच नाही गं. ऊन लागलंय."
"तिकडे?" आई म्हणाली. "ऊन?"

एप्रिलात मिसेस गिलीजना अक्षरं वाचायला लावताना
माझ्याच उजव्या डोळ्यात काहीतरी पेटलं,
नागमोडी, चमचमतं, पैठणीच्या काठासारखं.
वीस मिनिटं सरकत राहिलं. मग डोकं.
सुंदर होतं, असं मी नर्सला सांगितलं.
तिची बोटं कीबोर्डवर थांबली.
"आधी उजेड, मग दुखणं? त्याच क्रमानं?"
माझा दंड आवळून पट्टा फुगला, सुटला.
"आजपासून बंद," ती म्हणाली,
आणि दुसऱ्या एका गोळीचं नाव
कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं,
विचार करून ठरव म्हणून.

उरलेले बुध, गुरू, शुक्र
फार्मसीच्या खिडकीत परत केले.
ताय नदीवर वारा होता. घरापर्यंत चालत आले.
चिठोरा अजून कोटाच्या खिशात आहे,
बसच्या तिकिटांबरोबर मऊ होत चाललाय.
उन्मेषला म्हटलं, आता थोडे दिवस तू बघ.
तो बराच वेळ भांडी घासत राहिला.

वांग फिकं झालंय, पण आहे.
दर रविवारी आई म्हणते, उजेडात ये.
मी जाते.
ती काही विचारत नाही,
फक्त पडद्याच्या कडेला तिचा अंगठा दिसतो,
बोटांच्या पेरांवरून सरकत.
या वेळी सांगायचंच, असं ठरवून
मी भलतंच विचारते, आमसुलाचं सार कसं करायचं.
ती सांगते. जिरं, गूळ, हिंग.
मधेच थांबते.
"आंबट खावंसं वाटतंय का तुला?"

वाटतं.
ते मला शाळेत असल्यापासून वाटतं.