अकरा फोटोंची जागा

दुधराम लांजेवारनं स्टुडिओ बंद केला
तेव्हा त्याच्याकडून घेतला हा कॅमेरा, साडेसहा हजारांत.
पट्टा झिजलेला, झूम फिरवलं की करकरणारा,
आणि आतल्या कार्डात
कुणाचं तरी अख्खं लग्न.
"पुसून टाका मॅडम," तो म्हणाला,
"थे लोक न्यायला आलेच नाही."
मी पुसलं नाही. आळस म्हणा.

आज सकाळी कोपऱ्यात आकडा दिसला : अकरा.
अकरा फोटोंपुरती जागा,
आणि समोर सरत आलेला फागुन.

बोडीचं पाणी इतकं खाली गेलंय
की कुणाची तरी एक चप्पल वर आलीय, डाव्या पायाची.
तिच्यावर धोबी पक्षी शेपूट हलवत उभा,
हिशेब मागायला आल्यासारखा.
दहा.

लाखोरी निघून गेलेल्या बांध्यांमधून
धुऱ्याधुऱ्यानं चालले.
रुईवर बिबळ्या कडवा बसला, मी टेकले गुडघ्यावर,
तो उठला. मी उठले, तो बसला.
शाळेत कवायत घेताना मुलं माझ्याकडे
कशी बघत असतील ते कळलं.
चार फोटो गेले. चारही रुईचेच.
पळसावर बुलबुल : एक धूसर,
एकात नुसती शेपटी, तिच्याखालचा लाल ठिपका मात्र
अगदी स्पष्ट.

काय आलंय ते बघायला सावलीत थांबले.
मागे जायचं बटण दाबत गेलं की
शेपटी, बुलबुल, रुई, रुई, रुई, रुई, चप्पल,
आणि मग एकदम
हळद लागलेले दोन हात.
त्यामागे नवरी. डोळे मिटलेली.
त्यामागे पुन्हा नवरी. पुन्हा मिटलेले.

"थे पोरगी कोन होय वो?"
फुलवंताबाई कोडापे, पहाटेपासून मोहाखाली,
टोपली अर्धी भरलेली,
बोटं चिकट, गोड वासाची.
माहीत नाही, म्हटलं.
"मंग ठेवली कायले?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तिनं स्क्रीनवर वाकून नीट पाहिलं.
"उन्न लागत असन डोऱ्यावर," ती म्हणाली,
"चैतातलं लगन दिसते."
आणि पुन्हा वेचायला बसली.

मोहाच्या फांदीत बांडगूळ, तिथं एक हळदीकुंकू
पंख मिटून : पिवळं, कडेला लाल थेंब, काळ्या रेघा
जशा कुणी घाईत, पण चुकू न देता ओढल्या.
या नावाचं फुलपाखरू असतं हे तिला सांगितलं.
"माया टोपलीवर रोजच बसते," ती म्हणाली,
"बिननावाची."
तीन काढले. एक बरा आला असावा.

उरला एक. तो शिक्र्यावर घालवला,
उंच, काळा ठिपका, कावळाही असेल.

आणि तेव्हाच आला हळद्या.
आठ हातांवर. पळसाच्या खालच्या फांदीवर,
एवढा खाली हा कधी येत नाही.
फुलात चोच, मान वळवून एक लाल डोळा माझ्याकडे.
दाबलं. कार्ड भरलं आहे.
घाईत बटणं दाबली, भलतीकडेच गेले,
स्क्रीनवर ती, आणि प्रश्न :
हा फोटो पुसायचा?
हो. नाही.
अंगठा होच्या वर.

तो फांदी बदलतो.
ती डोळे मिटून.

नाही दाबलं. पुढे पळाले, बुलबुलाची शेपटी पुसली,
कॅमेरा उचलला, श्वास धरला, आणि
"थो पाय! थो पाय!"

घरी येऊन पाहिलं :
फुलवंताबाईचा हात, प्रत्येक रेघेसकट,
नखाखालची माती, मोहाचा चीक,
आणि हाताच्या मागे कुठेतरी
पिवळं, ओघळलेलं.

शेवटच्या फोटोनंतर पुढे दाबलं
की हा कॅमेरा पहिल्यावर जातो.
मांडवाचं दार, थर्माकोलची अक्षरं,
नवरीच्या नावापुढे कुणाचं तरी डोकं आलेलं.
फक्त शेवटचं अक्षर वाचता येतं :
ला.