व्ही आणि एसच्या मधला ए

शिष्यवृत्ती विभाग म्हणजे जिन्याखालची खोली.
उभं राहिलं की डोकं लागतं,
म्हणून मी एकोणीस वर्षं बसून आहे.
खिडकीला जाळी, जाळीला एक चौकोनी भोक,
कागद आत येण्यापुरतं.

दैवशाला घुगे, बीएस्सी दुसरं वर्ष,
राहणार चारठाणा, तालुका जिंतूर.
तिचा अर्ज मी तीनदा परत पाठवला.
दहावीच्या सनदेवर व्ही आणि एसच्या मधे एक ए होता,
आधारवर नव्हता.
मराठीत लिहा, हाक मारा, शिवी द्या,
दोन्हीकडे तीच पोरगी.
पण संगणकाला हाक ऐकू येत नाही.
"सर, मग कोणतं नाव खरं?"
मी म्हणालो, जे जुळेल ते.

माझ्या लॉगिनला दोनच बटणं आहेत.
पुढे पाठवा.
त्रुटीपूर्तीसाठी परत पाठवा.
तिसरं असतं तर काय असतं,
हे मी कधी कधी जेवणाच्या सुट्टीत ठरवत बसतो.

दिवाळीनंतर मेसवाल्या दुर्पदाबाईंची वही दोनदा माझ्यापर्यंत आली.
मग दैवशालाच कर्जाचा फॉर्म घेऊन आली, महामंडळाचा,
आठ पानी, जामीनदार दोन,
त्यातला एक पगारदार.
भोकातून फॉर्म आत सरकवला
आणि तिथंच बोटं ठेवून विचारलं,
"सर, तुम्हाला पगार सरकारचाच ना?"
मी अनुदानित आणि विनाअनुदानित यातला फरक
तिला अर्धा तास समजावून सांगितला.
फार नीट समजावला.
तिनं मान हलवली, बोटं काढून घेतली.

संक्रांतीनंतर हजेरीत तिच्या नावापुढं आडवी रेघ.
त्या रेघेला कुठलंच पडताळणी प्रमाणपत्र लागलं नाही.

आणि तीन वर्षांनी, एका बुधवारी,
स्क्रीनवर तिच्या नावापुढं हिरवं अक्षर: वितरित.
सहा हजार दोनशे चाळीस.
कोणी सुधारला तो ए, कुठल्या टेबलावर, माहीत नाही.
फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता.

यंदा जूनमध्ये ती स्वतःच आली.
"पैशे जमा झाले होते सर, बँकेनं आधी त्यातून
खातं रिकामं ठेवल्याचे कापून घेतले.
आता तिसऱ्या वर्षाला बसायचंय."
मी म्हणालो, गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल,
मजकूर छापील असतो, फक्त सही.
तिनं वाचलं. उभ्यानं, सगळं, मागची बाजूसुद्धा.
सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.
"हे खोटं हाय सर."
मी चष्मा काढला.
"जिंतूरला ई-सेवा केंद्रावर होते मी. स्टँडच्या मागं.
पोरींचे फॉर्म भरायचे. दोनशे अकरा भरले.
आधी सनद घ्यायची, मग आधार,
बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायचं.
एखादीचं नाही जुळलं, तर तिला घेऊन तहसीलला,
दिवस मोडायचा, पण फॉर्म तसा सोडायचा न्हाई.
एक बी वापस आला न्हाई.
कामून लिहू मी, की शिकले न्हाई म्हणून?"

तेव्हा मला आठवलं,
दोन वर्षं झाली, जिंतूरकडचे अर्ज
मी जवळजवळ न वाचताच पुढे पाठवतोय.
वाटलं होतं, तिकडे कुणी रिटायर मास्तर बसला असेल,
जुन्या वळणाचा.

मी उभा राहिलो. डोकं लागलं.
ती हसली नाही.
भोकातून पेन बाहेर दिला,
तिनं त्या एका ओळीवर रेघ मारली, आडवी, सरळ,
आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहायला घेतलं.
नोटरी हे चालवून घेणार नाही, हे तिला माहीत आहे.
मलाही.

अर्जाची शेवटची तारीख परवा.
मागं रांग जिन्यापर्यंत गेली आहे
आणि ती अजून लिहितेय.